अलकामामींची सही

अलकामामींना दोन आवाज होते, एक इंग्रजी आणि एक मराठी. हे दोन्ही एकाच बाईच्या गळ्यातून निघतात यावर पहिले काही महिने माझा विश्वासच बसत नव्हता.

इंग्रजी आवाज मी आधी ऐकला. शिकागोजवळच्या नेपरव्हिलला येऊन मला फार दिवस झाले नव्हते आणि अक्कलदाढेने जीव नकोसा केला होता. गाल धरून दाताच्या दवाखान्यात गेले, तर फ्रंट डेस्कवर एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई बसलेली. कानाला हेडसेट, कपाळाला बारीक टिकली, आणि समोर एक धिप्पाड अमेरिकन गृहस्थ. त्याला मागची बाकी द्यायची नव्हती. त्याने इन्शुरन्स कंपनीला शिव्या घातल्या, डॉक्टरला नावं ठेवली, बर्फावर घसरून गाडी ठोकली त्याची कहाणी सांगितली. बाईने सगळं मान डोलावत ऐकून घेतलं आणि मधासारख्या आवाजात म्हणाली, "आय टोटली अंडरस्टँड. सो, हाऊ वुड यू लाइक टु टेक केअर ऑफ दॅट टुडे?"

आणि गप्प बसली. हसरा चेहरा, हात टेबलावर, नजर त्याच्या तोंडाकडे. एक अक्षर नाही. तो गृहस्थ एका पायावरून दुसऱ्या पायावर गेला, खिडकीबाहेर बघितलं, खाकरला, आणि शेवटी त्याने पाकीट काढलं. मला दाढ दुखत असतानासुद्धा टाळी वाजवावीशी वाटली.

मग तिने माझा फॉर्म बघितला आणि दुसरा आवाज आला. "का बाप्पा, पुण्याची आहेस? अक्कलदाढ म्हणते! मला वाटलं तुम्ही पुण्याचे लोक जन्मतःच घेऊन येता."

गालाला सूज असताना हसणं फार महाग पडतं. पण ओळख झाली ती त्या दिवशी झाली.

मामी मूळच्या नागपूरच्या. लग्न होऊन अमेरिकेत आल्या त्याला एवढी वर्षं झाली होती की, आपल्याला किती वर्षं झाली हे त्या मुद्दाम मोजत नसत. यजमान अरुणमामा इंजिनिअर. मूलबाळ नाही. आधी सगळे त्यांना अलकाकाकू म्हणायचे. मग मामांच्या मोठ्या बहिणीचा मुलगा निखिल शिकायला आला, तो 'मामी, मामी' करत घरभर फिरायला लागला, त्याचे मित्र म्हणायला लागले, मित्रांच्या बायका म्हणायला लागल्या, आणि काकूंच्या कायमच्या मामी झाल्या. त्यांना ते आवडायचं. "काकू तर कोणीही होते," म्हणायच्या. "मामीला भाचा लागतो."

माझं घर त्यांच्या मागच्याच गल्लीत होतं. मी ट्रेनने शिकागोला जायची. हिवाळ्यात संध्याकाळी स्टेशनवरून मला घरी न्यायचं काम मामींनी आपणहून अंगावर घेतलं, कारण दवाखाना त्याच वेळी सुटायचा. मामींच्या गाडीत बसणं हा एक वेगळाच प्रवास होता. सिग्नल नसेल तर त्या डावीकडे वळतच नसत. समोरून येणाऱ्या गाड्यांमधून वाट काढायची म्हटलं की त्यांचा धीर सुटायचा, मग त्या उजवीकडे, परत उजवीकडे, परत उजवीकडे अशा करत अख्खा ब्लॉक फिरून हव्या त्या रस्त्याला लागायच्या. "वेळ लागते थोडा," त्या म्हणायच्या, "पण कोणाच्या मध्ये यावं लागत नाही." कोणाच्या मध्ये न येणं हा मामींच्या आयुष्याचाच कार्यक्रम होता म्हणा ना. कुणाकडे जेवायला गेल्या तरी ताट स्वतः घासून ठेवायच्या. दुकानदाराने चुकीची वस्तू दिली तर परत करायला जायच्या नाहीत, तिचा काहीतरी उपयोग शोधायच्या. मी त्यांना चिडवायची, की दवाखान्यात त्या धटिंगणांना लोळवता आणि इथे काकडी कडू निघाली तरी गप्प बसता.

"अगं, ते इंग्रजीत असते," त्या म्हणाल्या. "इंग्रजीत मागता येते. मराठीत जीभ रेटत नाही."

मला तेव्हा हे त्यांचं नेहमीचं काहीतरी वाटलं. मी हसले आणि विषय बदलला.

मामींचा एकच शौक होता, ओपन हाउस. विकायला काढलेली घरं रविवारी दुपारी लोकांना बघायला उघडी ठेवतात, तिथे मामी जायच्या, आणि बरेचदा मला बरोबर न्यायच्या. आधी हा निव्वळ टाइमपास होता, लोकांची स्वयंपाकघरं बघण्याचा. नंतर तो टाइमपास राहिला नाही. अरुणमामांना पार्किन्सन्स झाला, नोकरी वेळेआधीच सोडावी लागली, आणि हळूहळू त्यांचे पाय त्यांचं ऐकेनासे झाले. मामींचं घर दुमजली, इथली बहुतेक घरं असतात तसं. खाली बैठक, स्वयंपाकघर आणि जेमतेम हात धुण्यापुरती जागा. झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर वर. मामांचा पलंग खाली बैठकीत आणला, पण अंघोळीला वर न्यावंच लागायचं. मामी घरी असतील तेव्हाच, म्हणजे सुट्टीच्या दिवशी. एरवी ओल्या टॉवेलने अंग पुसून भागवायचं. मामा मोठे टापटिपीचे. घरात असले तरी इस्त्रीचा शर्ट घालणारे. त्यांना त्या टॉवेलची फार लाज वाटायची. मामी टॉवेल घेऊन आल्या की ते भिंतीकडे तोंड करायचे, आणि ते बघून मला तिथून उठून जावंसं वाटायचं.

म्हणून मामींना एकमजली घर हवं होतं. इथे त्याला रँच म्हणतात. रँच बघायला गेलं की मामी आधी बूट काढून अनवाणी फिरायच्या, जमिनीला कुठे चढउतार आहे का बघायला. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी उभ्या राहून त्या मामांसारखी पावलं टाकून बघायच्या, बारीक, घसटत. एजंट बाया चमत्कारिक नजरेने बघायच्या. मामींना पर्वा नसायची. त्या मनात मामांना घेऊन त्या घरातून चालत असायच्या.

आता निखिलबद्दल सांगायला हवं. तो वाईट मुलगा नव्हता, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे तुम्हाला तो वाईट वाटेल. हसतमुख, लाघवी, घरात आला की आधी मामांच्या पायाशी बसून त्यांचे पाय दाबणारा. नागपूरहून एम. एस. करायला आला तेव्हा मामींकडे राहिला. शिक्षण संपलं, नोकरी लागली, आणि तेव्हा त्याला कळलं की या देशात पगार असून भागत नाही. इथे क्रेडिट लागतं, म्हणजे पत, आणि क्रेडिट मिळायला आधी क्रेडिट असावं लागतं. एका छोट्या क्रेडिट युनियनने, म्हणजे इथल्या पतपेढीने सांगितलं, घरातल्या कुणी तुझ्याबरोबर सही केली तर मोठ्या लिमिटचं कार्ड देऊ.

घरातलं म्हणजे कोण? मामांची नोकरी गेलेली. पगार फक्त मामींचा.

हा प्रसंग मामींनी मला गाडीत सांगितला होता, तीन उजव्या वळणांच्या मध्ये. रविवारी नागपूरहून मामांच्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. मामी त्यांना ताई म्हणायच्या. मोठी नणंद, लग्न झाल्यापासून जिच्यासमोर मामी खुर्चीवर टेकूनसुद्धा बसल्या नव्हत्या. ताई म्हणाल्या, "अलका, तुझ्याच भरवशावर पाठवला ग त्याला. तिथे त्याचं कोण आहे?" मामा शेजारी बसले होते, त्यांचा चेहरा बहिणीचा आवाज ऐकून असा उजळला होता. "मी हो म्हटलं, तर मामानं केलं म्हणाले," मामी मला म्हणाल्या, "आणि नाही म्हटलं असतं तर मामीनं अडवलं म्हणाले असते. मामीचं असंच असते." त्यावर त्या हसल्या होत्या.

क्रेडिट युनियनमध्ये निखिल इस्त्रीचा शर्ट घालून आला. तिथल्या मुलीने मामींना समजावून सांगितलं की तुम्ही नुसत्या ओळख देत नाही आहात, याने भरलं नाही तर सगळं तुम्ही भरायचं, याला उशीर झाला तर डाग तुमच्या नावालाही लागणार, आणि एकदा सही केली की मधेच नाव काढून घेता येणार नाही. मामींना हे सगळं कळत होतं. दवाखान्यात त्या दुसऱ्यांना हेच सांगायच्या. मग त्या मुलीने विचारलं, खात्यात काय चाललंय हे दिसण्यासाठी तुम्हालाही लॉगिन देऊ का? पैसे भरायचे राहिले तर तुम्हालाही मेसेज येईल.

मामी नाही म्हणाल्या.

मी गाडीत ओरडलेच. "मामी, नाही कशाला म्हणालात? यार, फुकट होतं ते!"

"समोर बसला होता ना तो," मामी म्हणाल्या. "त्याच्यासमोर कशी म्हणू की तू काय काय खर्च करते ते मला दाखव? पाहुण्याच्या ताटात डोकावल्यासारखं. भाचा आहे. आपण भाच्याला देतो, त्याचा हिशेब मागतो काय?"

सही करून बाहेर आल्यावर मामींनी पर्समधून पेढ्यांचा डबा काढला आणि निखिलला तिथेच पार्किंगमध्ये पेढा भरवला. त्याने वाकून नमस्कार केला. शेजारच्या गाडीतली म्हातारी बाई टाळ्या वाजवून "काँग्रॅच्युलेशन्स!" म्हणाली. तिला बहुधा लग्न ठरलं असं वाटलं असावं.

काही वर्षं सगळं सुरळीत चाललं. निखिल डॅलसला गेला, लग्न झालं, फोटो आले. दर रविवारी ताईंचा कॉल यायचा आणि त्या निखिलच्या नव्या सोफ्याचं, नव्या टीव्हीचं कौतुक सांगायच्या, आणि मामी इकडून "हो न, छान आहे" म्हणायच्या.

आणि मग मामींना त्यांचं घर सापडलं. आमच्या वस्तीपासून फार लांब नाही, विटांचं, बुटकं, बाहेर एक म्हातारं मॅपलचं झाड. आत एकही पायरी नाही, न्हाणीघराला उंबरा नाही, दारं रुंद. मामांना व्हीलचेअरवरून नेऊन दाखवलं. त्यांनी न्हाणीघरात जाऊन नळाला हात लावला आणि मागे वळून म्हणाले, "अलका, हे घे." त्या आजारात आवाज खोल जातो, चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत. पण तेवढ्या शब्दांनी मामी इतक्या हरखल्या की परतताना त्यांनी एकदा चक्क डावीकडे वळण घेतलं.

राहत्या घरावर मामांच्या आजारपणात आधीच कर्ज वाढवलेलं होतं. ते विकून थोडे हातात आले असते, बाकी कर्ज काढायचं होतं. मामींना त्याची काळजी नव्हती. त्यांनी आयुष्यात एक बिल उशिरा भरलं नव्हतं.

कर्जवाल्या माणसाचा फोन आला तेव्हा आम्ही स्टेशनच्या पार्किंगमध्ये होतो. फोन गाडीच्या स्पीकरवर लागला. तो माणूस सभ्य होता. म्हणाला, तुमच्या नावावर एक कार्ड आहे, ते पार काठापर्यंत भरलंय, आणि बरेच महिने त्याचे पैसे वेळेवर गेलेले नाहीत. कर्ज मिळेल, पण या व्याजाने. त्याने व्याज सांगितलं. मामींनी मनात हप्त्याचा हिशेब केला असावा, कारण त्यांचे ओठ हलले आणि थांबले.

"देअर मस्ट बी सम मिस्टेक," त्या म्हणाल्या, त्यांच्या दवाखान्यातल्या आवाजात. मग त्याने क्रेडिट युनियनचं नाव सांगितलं.

मामींनी फोन बंद केला, पर्समधून रुमाल काढला, काच पुसली. काच स्वच्छच होती. "मामांना सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "भाच्यानं असं केलं म्हटलं तर त्यांचा जीव जाईल."

त्यांनी मामांना सांगितलं की त्या घराच्या जमिनीखाली ओल आहे, भिंतीला बुरशी आहे. मॅपलवालं ते घर दुसऱ्या कुणीतरी घेतलं.

मी फार चिडले होते. मी म्हटलं, निखिलला फोन लावा आणि फाडकन विचारा. मामी मान हलवायच्या. मी म्हटलं, मग नाव तरी काढून घ्या. म्हणून त्यांनी माझ्यासमोर क्रेडिट युनियनला फोन लावला. पलीकडे एक तरुण मुलगी होती, आवाजावरून अगदी गोड. तिने सांगितलं की नाव काढता येत नाही. खातं बंद करता येईल, पण आहे ती बाकी पूर्ण फिटेपर्यंत तुमच्या नावावर राहीलच. कार्ड थांबवायचं असेल तर थांबवू, म्हणजे मुख्य कार्डवाल्याला दुकानात ते वापरता येणार नाही. मामींच्या डोळ्यांसमोर काय आलं ते मला दिसलं. निखिल दुकानात उभा आहे, बायको शेजारी, आणि मशीन नाही म्हणतंय.

"नो, नो, डोन्ट स्टॉप," मामी घाईघाईने म्हणाल्या.

"आय टोटली अंडरस्टँड," ती मुलगी म्हणाली. "सो हाऊ वुड यू लाइक टु टेक केअर ऑफ द पास्ट ड्यू टुडे?" आणि गप्प बसली.

मामी फोनकडे बघत राहिल्या. ती शांतता किती लांब असते ते त्यांना समोरच्या खुर्चीतून पहिल्यांदाच कळत होतं. मग त्यांनी पर्स ओढली. "चांगली तयार केली पोरीला," त्या फोनवर हात ठेवून मला मराठीत म्हणाल्या, आणि तिला स्वतःच्या खात्याचा नंबर वाचून दाखवला.

तेव्हापासून दर महिन्याला किमान रक्कम मामीच भरायला लागल्या. शनिवारीही दवाखान्यात जायला लागल्या. भाड्याने तळमजल्यावरचं घर बघावं म्हटलं, तर तिथेही आधी तेच क्रेडिट तपासतात, आणि एकदोन ठिकाणी नकार आल्यावर त्यांनी तो नाद सोडला. लॉगिन मात्र आता घेतलं होतं. जेवणाच्या सुट्टीत त्या ते उघडून बसायच्या. त्यात फार उधळपट्टी नव्हती, हे मला सांगायलाच हवं. किराणा, पेट्रोल, गाडीची दुरुस्ती, विजेचं बिल. मामी त्याच्याकडे बघून म्हणायच्या, "ह्याचं काहीतरी बिनसलं आहे केतकी. माणूस बटाटे कार्डावर घेते म्हणजे काय?" मी म्हटलं, विचारा ना मग. त्या म्हणाल्या, "मी बघून राहिली हे त्याला कळेल ना!"

एकदा मात्र त्यात फर्निचरच्या दुकानाचा मोठा आकडा दिसला. मामींनी दोन दिवस डबा न उघडताच घरी परत नेला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मामांच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्यांच्या दारात ट्रक उभा राहिला. त्यातून मोठी खुर्ची उतरली. बटण दाबलं की ती हळूहळू मागून उचलली जाते आणि माणसाला अलगद उभं करते, अशी. दुसऱ्या दिवशी सकाळी निखिल डॅलसहून आला. "मामासाठी," तो म्हणाला. "आता मामीला हात देऊन उठवायला नको."

मामा त्या खुर्चीत बसले. निखिलने बटण दाबलं. मामा वर आले, उभे राहिले, आणि त्या आजाराने कोरा झालेल्या चेहऱ्यावर कुठूनतरी हसू आलं. त्यांनी पुन्हा बसून पुन्हा बटण दाबलं. लहान मुलासारखे चारपाच वेळा वरखाली झाले. मामी दाराला टेकून बघत होत्या. ती खुर्ची कुणाच्या पैशाची आहे हे त्या खोलीत फक्त आम्हा तिघांना माहीत होतं, आणि त्यातल्या एकाला हे माहीत नव्हतं की बाकीच्या दोघींना माहीत आहे.

मामींनी निखिलच्या आवडीचा वडाभात केला होता. मी वडे तळायला मदत करत होते. निखिल ताट घेऊन स्वयंपाकघरात आला, ओट्याला टेकून खायला लागला. मी मामींना आधीच शंभरदा सांगून ठेवलं होतं, की मराठीत नाही ना जमत, मग इंग्रजीत विचारा, रोज विचारता तसं. मामींनी हात पुसले. चेहऱ्यावर तो दवाखान्यातला हसरा भाव आणला.

"निखिल," त्या म्हणाल्या, "देअर इज अ पास्ट ड्यू बॅलन्स ऑन द कार्ड. हाऊ वुड यू लाइक टु टेक केअर ऑफ दॅट?"

आणि गप्प बसल्या. हात ओट्यावर, नजर त्याच्या तोंडाकडे. मी झारा हातात तसाच धरून उभी. कढईतला वडा काळा व्हायला लागला तरी मी हलले नाही.

निखिलने ताट खाली ठेवलं. त्याचे कान लाल झाले. "मामी," तो म्हणाला, "तू माझ्याशी इंग्लिशमध्ये काय बोलतेस? मी काय परका आहे का?"

आणि तो रडायला लागला. नोकरी गेली होती. व्हिसा हातचा जाऊ नये म्हणून मिळेल ते कॉन्ट्रॅक्ट घेतलं होतं, पगार निम्माही नव्हता. बायकोला अर्धंच सांगितलं होतं, आईला काहीच नाही. "मी विचार करायचो, पुढच्या महिन्यात सगळं क्लिअर करू. तुला सांगायला लाज वाटायची. मामाचा वाढदिवस आला, मी रिकाम्या हाताने कसा येऊ? आईला नको सांगूस मामी. तिचं बीपी… प्लीज."

त्या दवाखान्यात भले भले गडी मामींच्या गप्प बसण्यासमोर टिकले नव्हते. या पोरासमोर मामींना क्षणभरही गप्प बसवलं नाही. त्यांनी त्याचं डोकं खांद्याशी धरलं. "रडू नको रे राजा. जेव आधी. नाही सांगत ताईंना. कोणालाच नाही सांगत." माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वडा जळून राहिला ना, केतकी."

निखिलने त्यानंतर काही महिने थोडेथोडे पैसे पाठवले. मनापासून पाठवले असावेत. मग कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि पैसे थांबले, आणि मामी पुन्हा विचारू शकल्या नाहीत, कारण आता तर त्यांना सगळं माहीत होतं. माहीत असलेल्या माणसाने विचारायचं कसं?

मला पश्चिम किनाऱ्याला, रेडमंडला नवी नोकरी मिळाली. निघायच्या आधीच्या रविवारी सकाळी मी मामींकडे गेले. मामा खुर्चीत होते. ताईंचा कॉल सुरू होता. मामींनी मला खुणेने बसवलं.

ताई खुशीत होत्या. धाकट्या मुलीला, गौरीला, शिकागोत ॲडमिशन मिळाली होती. "म्हटलं चला, भाऊ-भावजय आहेत तिथे. आणि अलका, निखिलच्या वेळी केलं होतं न तू, तसंच गौरीचंही करून दे. कार्ड म्हण, घर म्हण, सगळीकडे सही लागते म्हणते ती."

"लागली तर करेल ना," मामा खुर्चीतून म्हणाले. त्यांच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी जोर होता.

मामी पदराशी चाळा करत होत्या. त्यांनी सही केली असती तरी कुठल्याही बँकेने त्यांच्या नावाकडे बघून आता दार लावून घेतलं असतं, आणि मग का, हे सगळ्यांना कळलं असतं.

"नाही ताई," त्या म्हणाल्या. "या वेळी नाही जमायचं."

पडद्यावर ताई पुढे वाकल्या. मग, "का ग? निखिलनं काही…"

"छे, छे! निखिल गुणाचा आहे. एक महिना चुकवत नाही. मलाच आता नको वाटते."

"असं," ताई म्हणाल्या. "मुलाच्या वेळी चाललं. मुलीच्या वेळी नको वाटते." आणि मग, "बरं. ठेवते."

मामांनी बटण दाबलं. खुर्चीने त्यांना उभं केलं. ते मामींकडे न बघता म्हणाले, "त्या घरात खोड काढलीस. आता माझ्या बहिणीतही काढ."

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. मामींनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की दुखलं, आणि मामांना म्हणाल्या, "चला, आज अंघोळीचा दिवस आहे ना. गोळीनं पाय मोकळे आहेत तोवर चढू."

जिन्यापाशी त्यांनी हात पुढे केला. मामांनी तो झटकला आणि कठडा धरला. मी म्हटलं, मी येते, धरते. "नको," मामी म्हणाल्या, "तू निघ आता, तुझं पॅकिंग राहिलं आहे. दार ओढून घे जाताना. गार हवा येते."

मी दार ओढताना मागे बघितलं. मामा एकेका पायरीवर थांबत, कुणाचीही मदत न घेता वर चालले होते. मामी त्यांच्या एक पायरी खाली होत्या. त्यांना हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी दोन्ही हात नुसते पसरून धरले होते. मध्यावर मामांचा तोल गेल्यासारखं झालं, ते किंचित मागे झुकले. मामींनी एक पाय खालच्या पायरीवर भक्कम रोवला, आणि हात पसरून त्यांच्या मागे तशाच उभ्या राहिल्या.